समजा, मुलगी नाही

श्रीविद्याला दुसरं लग्न कर असं पहिल्यांदा म्हणाल्या त्या तिच्या सासूबाई. माहेरच्यांच्या तोंडून ते निघालं नाही, मैत्रिणींनी विषय टाळला. वेंकूबाई मात्र एका सकाळी कॉफीचा टंबलर तिच्यापुढं ठेवून सरळ म्हणाल्या, "मुरली जाऊन चार वर्षं झाली. तू अजून चाळिशीसुद्धा गाठली नाहीस. उद्या मी डोळे मिटले की तू नि ही पोर. कोणी चांगला असला तर बघ. मज वाईट वाटणार नाही."

वाटणार होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. मुरली त्यांचा एकुलता एक मुलगा. वल्लमजवळ हायवेवर मागून आलेल्या लॉरीनं त्याची मोटरसायकल उडवली, तेव्हा नित्या पाच वर्षांची होती. वेंकूबाईंनी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, बोलणं मोजकं, पण एकदा बोलल्या की त्यावरून हलायच्या नाहीत. तंजावूरात मेडिकल कॉलेज रोडला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. त्यात या तिघी राहत होत्या आणि तसं पाहिलं तर बरं चाललं होतं.

श्रीविद्या नव्या बसस्टँडजवळच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. चष्म्याच्या दुकानावरचा मजला. शाळांची, दवाखान्यांची कामं यायची. तिथं तीच सगळ्यांत जुनी, त्यामुळं नव्यानं भरती झालेल्यांना शिकवायचं कामही तिच्याकडंच.

गावातल्या मराठी समाजाच्या मंडळाचे सेक्रेटरी हनुमंतराव. तालुका कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी तिला गाठलं तेही सॉफ्टवेअरच्याच कामासाठी. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली मराठी घरं आता पांगली होती. कुणाची मुलं चेन्नईत, कुणाची होसूरला, कुणाची सिंगापूरला. लग्नाच्या वयाची मुलं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. "आपल्या लोकांची लग्नं जुळवायला एक वेबसाइट करून दे ग," हनुमंतराव म्हणाले. "देवनागरी कोण वाचतो आता? तमिळ आणि इंग्लिशमध्ये कर." तिनं ती रविवारी रविवारी बसून केली.

साइट तयार झाल्यावर तिनं स्वतःचंही नाव त्यात घातलं. म्हणजे वेंकूबाईंनीच घालायला लावलं. खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या आणि एकेक रकाना सांगत गेल्या.

"विधवा लिही. एक मुलगी लिही, तिचं वय लिही. मागाहून कोणी बोट दाखवायला नको."

"मुरलीचं नाव लिहायची जागा आहे. लिहू?"

"लिही. तो होता."

त्यानंतर त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

महिने गेले. स्थळं आली ती अशी: कुंभकोणमचे एक साठीचे गृहस्थ, ज्यांना स्वयंपाकाला कोणी हवं होतं. सेलमचा एक घटस्फोटित, त्यानं पहिल्याच निरोपात विचारलं की मुलगी आजीजवळ राहू शकेल ना? श्रीविद्यानं दोघांनाही नम्रपणे नाही म्हटलं आणि ते पान उघडायचं सोडून दिलं.

पुढं हनुमंतरावांनी नवी टूम काढली. लोक भलत्या अटी घालून ठेवतात, मग स्थळं येत नाहीत म्हणून मंडळाला शिव्या देतात. तर एक असं बटण करायचं की आपल्या माहितीत किंवा अटीत थोडं इकडंतिकडं करून पाहता येईल. समजा उंचीची अट सोडली, समजा गाव बदललं, तर किती स्थळं जुळतील? नुसतं पाहायचं. मूळ नोंदीत काही बदलायचं नाही. बटणावर तमिळमध्ये लांबलचक नाव होतं. घरात श्रीविद्या त्याला 'समजा' म्हणायची.

'समजा' लिहून झालं आणि एका रविवारी दुपारी ते तपासायला ती बसली. वेंकूबाई नित्याला घेऊन थोरल्या देवळात गेल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या नोंदीशी खेळ नको म्हणून तिनं स्वतःचीच नोंद उघडली. गाव बदललं, आकडा हलला. वयाची अट बदलली, आकडा हलला. काम बरोबर चाललं होतं. तिथं थांबायला हरकत नव्हती.

ती थांबली नाही. 'विधवा'च्या जागी तिनं 'अविवाहित' निवडलं. तीनचार चेहरे आले. मग 'मुलं: एक' होतं त्या जागी तिनं 'नाही' केलं.

पडदा भरून गेला. ती बोटानं वर सरकवत राहिली तरी चेहरे संपेनात. शिकलेली, हसरी, तिच्याच वयाची माणसं. कुणी ट्रेकिंगला जाणारा, कुणी व्हायोलिन वाजवणारा. या सगळ्यांना चालली असती अशी एक श्रीविद्या होती. तिला ना मुरली भेटला होता, ना मुलगी झाली होती. श्रीविद्या त्या दुसरीच्या डोळ्यांनी त्या चेहऱ्यांकडं बघत बसली. गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा दचकून उठली, लॅपटॉप मिटला आणि ओटा पुसायला लागली. नित्या देवळातून आली ती विभूतीनं कपाळ भरून. श्रीविद्यानं तिला इतकं घट्ट जवळ घेतलं की पोर म्हणाली, "अम्मा, सोड, मला गरम होतंय."

त्या दुपारी प्रोग्रामच्या आत काय घडलं ते तिला पुष्कळ दिवस कळलं नाही. डेटाबेसमध्ये नोंद असते ती तिथं निपचित पडलेली असते. प्रोग्रामनं ती मागितली की मेमरीत तिची एक हलतीबोलती वस्तू तयार होते आणि मग प्रोग्राम तिच्याशीच व्यवहार करतो. श्रीविद्यानं 'समजा'साठी आपली नोंद मागितली आणि त्या वस्तूत हवे ते बदल केले. ते साठवा असं कुठंच सांगितलं नाही. तिच्या मते ते बदल मेमरीत होते आणि मेमरीतच विरून जाणार होते.

पण पान बंद होताना प्रोग्राम आणखी एक काम करायचा. त्या माणसानं साइटला शेवटची भेट कधी दिली ती वेळ नोंदवून ठेवायचा. त्यासाठी तिनं तीच नोंद पुन्हा मागितली होती, वेगळ्या नावानं. तिला वाटलं, डेटाबेसमधून कोरी प्रत येईल. तशी ती येत नाही. एका बैठकीत, म्हणजे सेशनमध्ये, एकच नोंद दोनदा मागितली तर दुसरी प्रत निघत नाही, मेमरीत आधीपासून असलेली तीच वस्तू पुन्हा हातात येते. नावं दोन, वस्तू एक. त्या वस्तूवर भेटीची वेळ लिहिली गेली, साठवा म्हणून हुकूम सुटला आणि वेळेबरोबर तिच्यावर जे जे बदललं होतं ते सगळं डेटाबेसमध्ये जाऊन बसलं. अविवाहित. मुलं नाही. मुरलीच्या नावाचा रकाना अविवाहितांना नसतोच, तो पानावरून आपोआप गेला.

हा नियम श्रीविद्याला ठाऊक नव्हता असं नाही. नव्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात ती हेच शिकवायची.

दुसऱ्या दिवशी साइटनं आपलं रोजचं काम केलं. ज्यांच्या अटीत श्रीविद्या आता बसत होती त्यांना निरोप पाठवले. त्यांतला एक गेला होसूरच्या बाळकृष्णरावांकडं.

बाळकृष्णराव आणि महालक्ष्मी मूळचे इथलेच, पण होसूरला जाऊन तीस वर्षं झालेली. इथल्या कुणाच्या घरात काय घडलं हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मुलगा भरद्वाज बेंगळुरूला मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यांनी हनुमंतरावांना फोन केला, हनुमंतरावांनी आनंदानं वेंकूबाईंना. "मुलगा प्रथमवर अहे, तरी तयार अहेत! काय मोठ्या मनाची माणसं!" पान उघडून बघायचं हनुमंतरावांच्या मनात आलं नाही. श्रीविद्या विधवा आहे, तिला मुलगी आहे, हे अख्ख्या तंजावूरला माहीत होतं.

भरद्वाजनं एकदा फोन केला. आवाज शांत होता, घाई नव्हती.

"तुम्ही सगळं नीट वाचलंत ना?" श्रीविद्यानं विचारलं.

"दोनदा वाचलं. आवडलं. लोक वयसुद्धा चोरतात, तुम्ही ते खरं लिहिलंय. मला लपवाछपवी सहन होत नाही."

"मी एकटी नाही, हे लक्षात आहे ना?"

"जबाबदाऱ्या सगळ्यांनाच असतात हो. त्यातून मार्ग निघतो."

त्याला वाटलं, ती घरच्या म्हाताऱ्या बाईंबद्दल बोलते आहे. फोन ठेवल्यावर श्रीविद्या गच्चीत गेली, वाळत घातलेले कपडे काढता काढता एकटीच हसली आणि हसल्याचं लक्षात येताच इकडंतिकडं पाहिलं.

ती माणसं आली त्या दिवशी वेंकूबाईंनी पहाटेपासून कंबर बांधली होती. शिऱ्यासारखी गोड सोज्जी केली, केळ्याच्या बज्जीचं पीठ भिजवून ठेवलं. नित्याला नवा रेशमी परकर नेसवला, वेणीत मोगरा माळला. मुरलीचा फोटो भिंतीवर होता तिथंच राहू दिला. श्रीविद्यानं नुसतं त्याच्याकडं पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत अहे ना सगळं? मग राहू दे."

हनुमंतराव पाहुण्यांना घेऊन आले. बसणं झालं, प्रवासाच्या चौकश्या झाल्या. भरद्वाज फोटोपेक्षा बारीक होता आणि थोडा लाजत होता. तेवढ्यात नित्या पाण्याचा ट्रे सांभाळत बाहेर आली.

"गोड अहे पोर," महालक्ष्मी म्हणाल्या. "कोणाची? भाची का?"

नित्याला गंमत वाटली. "अम्माची!" ती म्हणाली आणि श्रीविद्याच्या मांडीला टेकून उभी राहिली.

महालक्ष्मी हसल्या, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं. मग पर्समधून फोन काढला, पान उघडलं आणि तो हनुमंतरावांना न देता वेंकूबाईंच्या हातात दिला.

वेंकूबाईंनी चष्मा लावला. तमिळ त्या झरझर वाचत. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं, बोटानं परत वर नेलं, पुन्हा वाचलं. मुरलीचं नाव कोठेच नव्हतं. त्यांनी फोन टीपॉयवर पालथा ठेवला.

"हनुमंतराव, ही काय थट्टा?" बाळकृष्णरावांचा आवाज चढला.

"मी हे लिहिलं नाही," श्रीविद्या म्हणाली. फोन तिनं उलटून पाहिला होता. "मी विधवाच लिहिलं होतं. या आत्याबाईच शेजारी बसल्या होत्या. विचारा त्यांना."

"मग काय मशीननं लिहिलं?" महालक्ष्मी म्हणाल्या. "मशीनला तुझ्या लग्नाची घाई? खोटंच बोलायचं होतं तर पोरीला आज शेजाऱ्यांकडं ठेवायची अक्कल तरी असावी. का लग्न लागल्यावर मांडवात सांगणार होतीस?"

"नाही हो, मी एक तपासत होते... ते साठवलं नव्हतं. मेमरीतच होतं. भेटीची वेळ लिहिताना..." श्रीविद्या थांबली. बोलता बोलताच तिला सगळं लख्ख दिसलं. दोनदा मागितलेली नोंद. एकच वस्तू.

भरद्वाज पुढं झुकला. त्या खोलीत तिचं बोलणं कळणारा तो एकटाच होता.

"सेशन एकच होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि दुसऱ्यांदा मागवलं तेव्हा तेच ऑब्जेक्ट मिळालं."

"हो!" श्रीविद्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी समजून घेत होतं. "हो, तेच झालं. तुम्हाला कळलं."

"कळलं," भरद्वाज म्हणाला. मग आईकडं वळून, शाळेतल्या मुलाला समजवावं तसं, सावकाश सांगायला लागला. "अम्मा, मशीननं मनानं काही केलेलं नाही. मशीन तसं करत नसतं. बदल यांनीच केला, स्वतःच्या हातानं. साइटवर तसं बटण आहे, त्यात नवरा नव्हता, मुलगी नाही असं करून किती स्थळं येतात ते या बघत होत्या. तो बदल ठेवायचा विचार नव्हता, एवढंच. तो चुकून राहिला."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आवाजात रागही नव्हता.

"असं?" महालक्ष्मी उठल्या. "म्हणजे हौस खरी होती, छापून यायला नको होती!" नित्याच्या गालाला हात लावून त्या म्हणाल्या, "बाळ, तुझं नशीब." आणि चपला घालायला गेल्या. भरद्वाजनं दारातून मागं वळून "सॉरी" म्हटलं. कुणाला, ते कळलं नाही.

हनुमंतराव मागं थांबले ते पासवर्ड घ्यायला. "तुझ्या हातून मुद्दाम झालं नसेल ग," ते म्हणाले, "पण लोक काय म्हणतील, या बाईच्या हातात आपल्या मुलींची माहिती? आत्ताच दे, मी उभा अहे तोवर." तिनं सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला.

ते गेल्यावर वेंकूबाईंनी दार लावलं. बज्जीचं पीठ तसंच होतं.

"तो म्हणाला ते खरं?"

मशीनवर ढकलता आलं असतं. वेंकूबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांनी कदाचित विश्वासही ठेवला असता, कारण त्यांना ठेवायचा होता. श्रीविद्याला खोटं सुचलं नाही.

"हो. नुसतं पाहण्यापुरतं केलं, आत्याबाई."

"मुरलीला काढलंस?"

"हो."

"मग हिला?"

श्रीविद्यानं होकारार्थी मान हलवली.

"मी तुज लग्न कर म्हटलं होतं," वेंकूबाई म्हणाल्या. "त्याला पूस म्हटलं नव्हतं." त्यांनी भांडी उचलली, भिजवलेलं पीठ मोरीत ओतलं आणि नळ सोडला.

नित्या अजून खोलीतच होती. नऊ वर्षांची पोर, तिला सगळं नाही तरी हवं तेवढं कळलं होतं. वेणीतला मोगरा ओढून काढत ती म्हणाली, "अम्मा, मला काढल्यावर किती जण आले?"

"कोणी नाही आलं, कण्णा."

"खोटं," नित्या म्हणाली. "हे आले ना."

महालक्ष्मींनी होसूरला पोचायच्या आधीच गाडीतून समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला होता. त्या पानाचा फोटोही होता. बारशाला, सुमंगलीच्या हळदीकुंकवाला श्रीविद्याला तसंही कुणी बोलवत नव्हतं. आता भाजीबाजारातही बायका तिच्याकडं पाहून गप्प व्हायला लागल्या. नित्याच्या शाळेत समाजाच्या दोन मुली होत्या. त्यांनी मधल्या सुट्टीत नवा खेळ काढला. नित्या जवळ आली की म्हणायचं, इथं कोणी नाही. मग तिच्या अंगावरून आरपार बघायचं. दुसऱ्या मुलींनाही तो खेळ आवडला. श्रीविद्या शाळेत जाऊन भांडली, बाईंनी मुलींना रागावलं, आणि खेळ बाथरूमच्या मागं सुरू झाला.

मंडळानं साइट त्रिचीच्या एका कंपनीला दिली. त्यांनी 'समजा' काढून टाकलं. श्रीविद्यानं हनुमंतरावांना एकच विनंती केली, माझी नोंद आधी होती तशी करा आणि मग पुसा. ते म्हणाले, पुसली, आता कशाला आधीसारखी करायची? कंपनीत नवी मुलं आली तेव्हा तो धडा तिनं दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावला.

घरात वेंकूबाई भांडल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, औषधं वेळेवर घ्यायच्या. फक्त तिला हाक मारेनाशा झाल्या. काही सांगायचं असलं तर नित्याला सांगायच्या, "तिला सांग, गॅस संपलाय." आणि नित्या येऊन सांगायची, "गॅस संपलाय." अम्मा हा शब्द त्या वाक्यातून कधी गेला ते श्रीविद्याच्या उशिरा लक्षात आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वेंकूबाई नित्याला घेऊन तिरुवैयारुला गेल्या. तिथं त्यांची पुतणी वत्सला शाळेत शिक्षिका होती, कावेरीजवळच घर होतं. दरवर्षीच जायच्या. शाळा उघडायच्या आधी श्रीविद्या आणायला गेली तर नित्याची वह्यापुस्तकं वत्सलाच्या कपाटात लागलेली होती.

"मी इथंच शिकणार," नित्या म्हणाली. "तिथं सगळ्यांना माहीत आहे."

"मी शाळा बदलते ना, कण्णा. तिथल्याच दुसऱ्या शाळेत..."

"आजीपण इथंच राहणार आहे. मला तिच्याजवळ राहायचंय."

श्रीविद्यानं तिचा हात धरला. नित्यानं तो ओढला नाही, पण अंग लाकडासारखं केलं. श्रीविद्या वेंकूबाईंकडं वळली. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. वत्सलाच म्हणाली, "आई तू आहेस, हक्क तुझा. फरफटत नेलीस तरी कोणी अडवणार नाही. नाहीतर कोर्टात जा. मात्र तिथं विचारतील, बाई, तुम्हाला मुलं किती? तर या खेपेला नीट सांग."

वेंकूबाईंचा हात ताटात क्षणभर थांबला आणि पुन्हा तांदूळ चिवडायला लागला. श्रीविद्यानं नित्याचा हात सोडला.

आता मेडिकल कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहते. रविवारी सकाळची टाउन बस धरून तिरुवैयारुला जाते. नित्या तिथं एका बाईंकडं गाणं शिकते. क्लास सुटेपर्यंत श्रीविद्या घाटाच्या पायरीवर बसते, डबा पिशवीत असतो. नित्या येते, शेजारी बसून दहीभात खाते, विचारलं तेवढ्याला उत्तर देते. उद्धटपणा नाही, हट्ट नाही. पाहुण्यांशी वागावं तशी नीट वागते.

परवाच्या रविवारी डबा परत देताना ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात येऊ नकोस. माझी गाण्याची स्पर्धा आहे."

"मग तर येईनच. मी मागं बसेन."

"आजी येणार आहे, वत्सला अत्तै येणार आहे," नित्या म्हणाली. तिनं परकर झटकला आणि पायऱ्या चढून गेली. वर रस्त्याला लागल्यावर तिला मैत्रीण भेटली, दोघी हसत काहीतरी बोलायला लागल्या. श्रीविद्यानं डबा नदीच्या पाण्यात विसळला, झाकण लावलं आणि बसच्या थांब्याकडं निघाली.